मॉरिशसची क्रिओल ओळख : गुलामगिरीने मागे काय ठेवले

मॉरिशस म्हटले की मराठी वाचकाच्या मनात बहुधा दोन चित्रे उभी राहतात : एक निळ्या समुद्राकाठच्या मधुचंद्राच्या बेटाचे, आणि दुसरे भोजपुरी, तमिळ, तेलुगू, मराठी मजुरांनी घाम गाळून वसवलेल्या ‘छोट्या भारता’चे. दुसरे चित्र खोटे नाही, पण ते अर्धे आहे. भारतीय मजुरांचे पहिले जहाज तिथे लागले त्याआधी जवळजवळ दोन शतके हे बेट गुलामांच्या श्रमावर उभे राहत होते. आज जी भाषा सगळे मॉरिशस घरात बोलते आणि ज्या तालावर सगळे मॉरिशस नाचते, ती भाषा आणि तो ताल या गुलामांनी घडवला. असे असूनही त्यांच्या वंशजांना, म्हणजे आज क्रिओल म्हणवल्या जाणाऱ्या समाजाला, देशाच्या राज्यघटनेत स्वतःच्या नावाची जागा मिळालेली नाही. निर्मिती सर्वांची झाली आणि निर्माते मात्र बाजूला राहिले, हे कसे घडले ते समजून घेण्यासाठी बेटाच्या इतिहासाकडे पहिल्यापासून पाहावे लागते.

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला असलेले हे बेट आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे, म्हणजे सुमारे 1,865 चौरस किलोमीटरचे आहे. युरोपीय लोक येण्यापूर्वी इथे कायमची मनुष्यवस्ती नव्हती, आणि ही गोष्ट पुढच्या सगळ्या कहाणीच्या मुळाशी आहे. जिथे मूळ रहिवासी असतात तिथे बाहेरून आणलेल्या गुलामाला निदान कुणाची तरी जुनी भूमी, जुने दैवत, जुनी भाषा भेटते. मॉरिशसमध्ये तसे काहीच नव्हते. तिथे जे काही आहे ते प्रत्येकाने कुठून तरी आणलेले, किंवा जे आणता आले नाही त्याच्या जागी नव्याने रचलेले आहे. डच लोक 1598 मध्ये इथे उतरले, त्यांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला मॉरिशस हे नाव दिले आणि 1638 मध्ये वसाहत केली. काळ्या आबनुसाची जंगले तोडण्यासाठी त्यांनी मादागास्करहून आणि आशियातल्या आपल्या इतर ठाण्यांवरून गुलाम आणले, उसाची लागवडही त्यांनीच सुरू केली. 1695 मध्ये गुलामांच्या एका गटाने डचांचा किल्ला पेटवून दिला. त्या गटात मलबारचा आंतोनी आणि बंगालची आना यांचा समावेश होता. भारतीय माणूस या बेटावर मजूर म्हणून येण्याच्या कितीतरी आधी गुलाम म्हणून आला होता, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही.

डच 1710 मध्ये बेट सोडून गेले. 1715 मध्ये फ्रेंचांनी त्यावर हक्क सांगितला, 1721 पासून वस्ती सुरू केली आणि गुलामगिरी या बेटाच्या हाडीमासी भिनली ती याच काळात. 1735 मध्ये गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द ला बूर्दोने याने पोर्ट लुई बंदर उभारले. गोद्या, रस्ते, पाण्याचे पाट, इस्पितळ या सर्व बांधकामांमागे गुलामांचे हात होते. माणसे आणली जात ती मुख्यतः मादागास्कर आणि मोझांबिकच्या किनाऱ्यावरून. काही पश्चिम आफ्रिकेतून, तर काही पाँडिचेरी, बंगाल आणि मलबार किनाऱ्याकडून येत. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच्या दर पाच माणसांत चारांहून अधिक गुलाम होते. ही संख्या डोळ्यांसमोर ठेवली म्हणजे बेटाची बोली मालकांच्या घरात घडली नसून गुलामांच्या वस्तीत का घडली, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या व्यवस्थेला कायद्याचे रूप होते. फ्रेंच वसाहतींसाठी असलेली ‘कोड न्वार’ म्हणजे ‘काळी संहिता’ 1723 मध्ये या बेटांसाठी लागू करण्यात आली. तिच्यानुसार गुलाम ही मालकाची जंगम मालमत्ता होती, जशी गुरे किंवा लाकूडसामान. त्याला बाप्तिस्मा द्यावा असे संहिता सांगत असे, पण त्याला स्वतःची मालमत्ता नव्हती आणि मालकाविरुद्ध त्याची साक्ष चालत नव्हती. महिनाभर पळून राहिलेला गुलाम सापडल्यास त्याचे कान कापून खांद्यावर लिलीच्या फुलाचा, म्हणजे फ्रेंच राजचिन्हाचा, डाग द्यावा. दुसऱ्यांदा पळाल्यास पायाची मागची शीर तोडून दुसऱ्या खांद्यावर डाग द्यावा. तिसऱ्यांदा पळाल्यास देहान्त शासन द्यावे, अशी चढती शिक्षा त्यात लिहून ठेवलेली होती. एखादी गोष्ट कायद्यात इतक्या तपशिलाने लिहावी लागते ती ती वारंवार घडते म्हणूनच. लोक पळत होते, पुन्हा पकडले जात होते आणि तरीही पळत होते.

पळून जाऊन जंगलात किंवा डोंगरात राहणाऱ्यांना ‘मारून’ म्हणत. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा 556 मीटर उंचीचा खडा कातळ समुद्रात घुसलेला आहे. त्याच्या कपारींत आणि माथ्यावर हे लोक आश्रय घेत. या डोंगराची एक कथा प्रत्येक क्रिओल घरात सांगितली जाते. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली, तेव्हा ही बातमी सांगण्यासाठी सरकारी शिपायांची तुकडी ल मॉर्नकडे निघाली. वर लपलेल्यांनी गणवेश पाहिले, आपल्याला पकडायला आले असे समजून पुन्हा बेडीत जाण्यापेक्षा मरण पत्करले आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही कथा तोंडी परंपरेने चालत आली आहे आणि इतिहासकारांना तिला पुष्टी देणारा त्या काळचा सरकारी दस्तऐवज मिळालेला नाही. माझ्या मते त्यामुळे तिचे मोल कमी होत नाही. ज्यांना लिहिण्या-वाचण्याची संधीच दिली नव्हती त्यांच्या स्मृतीचा पुरावा सरकारी दप्तरात शोधायचा, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. ज्या गणवेशाने आजवर फक्त साखळदंड आणले त्याच गणवेशाच्या हाती मुक्ती आली तर तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न त्या कथेने पिढ्यान्पिढ्या जिवंत ठेवला आहे. 2008 मध्ये युनेस्कोने ल मॉर्नला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली.

मुक्ती स्वतःसुद्धा सहज आली नाही. 1794 मध्ये फ्रेंच क्रांतिकारकांनी गुलामगिरी रद्द केली, पण बेटावरच्या मळेवाल्यांनी तो आदेश मानला नाही, आणि 1796 मध्ये तो घेऊन आलेल्या प्रतिनिधींना त्यांनी आल्या पावली परत पाठवले. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले, तेव्हा तहात रहिवाशांचे कायदे, रूढी, धर्म कायम ठेवण्याचे वचन दिले. म्हणून आजही सरकारी कारभार इंग्रजीत आणि वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये असतात. इंग्रजांनी 1807 मध्येच गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती, तरी मॉरिशसमध्ये चोरून माणसे उतरवणे पुढेही बरीच वर्षे चालू राहिले. 1832 मध्ये गुलामगिरीविरोधी मतांचा जॉन जेरेमी हा सरकारी वकील म्हणून आला, तेव्हा मळेवाल्यांनी सारे व्यवहार बंद पाडून त्याला परत जाण्यास भाग पाडले. त्याच काळात त्यांचे पुढारी आद्रियां देपिने लंडनला जाऊन नुकसानभरपाईसाठी खटपट करीत होते.

ती भरपाई मिळाली. ब्रिटिश सरकारने आपल्या सर्व वसाहतींतील मालकांसाठी 2 कोटी पौंडांची रक्कम मंजूर केली आणि त्यातले सुमारे 21 लाख पौंड मॉरिशसच्या मालकांना दिले. गुलामांना एक पैसाही मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’ (अ‍ॅप्रेंटिसशिप) या गोंडस नावाखाली त्यांना मुक्तीनंतरही आधीच्याच मालकाकडे आठवड्याचे ठरावीक तास विनावेतन राबावे लागले. ही उमेदवारी मार्च 1839 अखेर संपली. या भरपाईसाठी ब्रिटनने काढलेले कर्ज 2015 मध्ये पूर्ण फिटले, म्हणजे आपल्या डोळ्यांदेखत. गुलामगिरी ही फार जुनी गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावे.

उमेदवारी संपताच बहुतेकांनी ऊसमळे सोडले. ज्या शेतात चाबूक खाल्ला त्या शेतात मजुरीवरही पाऊल ठेवायचे नाही, असा तो निर्णय होता. काही समुद्रकाठी जाऊन मासेमारी करू लागले, काही सुतार, गवंडी, लोहार, शिंपी झाले, काहींनी बंदरात हमाली धरली, तर काहींनी पडीक जमिनीच्या तुकड्यावर भाजीपाला पिकवला. मळेवाल्यांनी आणि सरकारी अहवाल लिहिणाऱ्यांनी या स्वाभिमानाला आळस असे नाव दिले. ‘क्रिओल माणूस आळशी, उधळ्या, उद्याचा विचार न करणारा’ हा शिक्का त्या दिवसांपासून आजपर्यंत पुसला गेलेला नाही, आणि खेदाची गोष्ट अशी की तो मारणाऱ्यांत पुढे भारतीय वंशाचे लोकही सामील झाले. ज्या जमिनी या लोकांनी कसल्या त्यांचे कागद त्यांच्याकडे नव्हते, वकील परवडत नव्हता आणि कायद्याची भाषा कळत नव्हती. परिणामी अनेक कुटुंबांच्या हातून जमीन गेली आणि पुढच्या पिढीला वारसा म्हणून काही उरले नाही.

नेमक्या याच वेळी मळ्यांवर नवे हात आले. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘अ‍ॅटलास’ जहाजातून 36 भारतीय मजूर पोर्ट लुईला उतरले. पाच वर्षांच्या करारावर मजूर आणण्याच्या ब्रिटिशांच्या ‘महान प्रयोगा’ची ती सुरुवात होती. पुढच्या काही दशकांत जवळजवळ पाच लाख लोक या मार्गाने आले आणि 1860 च्या दशकात बेटावर भारतीय बहुसंख्य झाले. कलकत्ता आणि मद्रासप्रमाणेच मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि त्यांतून कोकणातली व देशावरची मराठी कुटुंबे गेली. त्यांचे वंशज आजही तिथे गणेशचतुर्थी साजरी करतात. त्या दिवशी देशाला सार्वजनिक सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ या नावाने तिथे टिकून आहे. या मजुरांनी फार सोसले यात शंका नाही. परंतु त्यांना राहायला मिळालेल्या वस्त्या अनेक मळ्यांवर गुलामांनी रिकाम्या केलेल्याच होत्या, आणि त्यांच्या स्वस्त मजुरीमुळे मुक्त झालेल्या गुलामांची मोलभाव करण्याची ताकद संपली. दोष मजुरांचा नव्हता. साखरधंद्याने एका नाडलेल्या समाजाच्या जागी दुसरा नाडलेला समाज आणून बसवला आणि दोघांना एकमेकांकडे संशयाने पाहायला शिकवले.

आता त्या निर्मितीकडे वळू, कारण गुलामगिरीचा वारसा म्हणजे निव्वळ जखमांची यादी नव्हे. मॉरिशियन क्रिओल भाषेचा शब्दसंग्रह बहुतांशी फ्रेंचवरून आलेला आहे, पण तिची वाक्यरचना, क्रियापदांचा बाज आणि बोलण्याची ढब फ्रेंचपासून दूर गेलेली आहे. मोझांबिककडची मकुआ बोलणारा, मादागास्करची मालागासी बोलणारा आणि तमिळ बोलणारा असे तिघे एकाच मळ्यावर जुंपले गेले, मालक चौथ्याच भाषेत हुकूम सोडत होता, आणि त्यातून एक-दोन पिढ्यांत मुलांच्या तोंडी ही नवी भाषा रुळली. पुढे आलेल्या भारतीयांनी आणि चिन्यांनीही ती उचलली. आज पाचांपैकी चारांहून अधिक मॉरिशसवासी घरात क्रिओल बोलतात आणि बहुतेक मराठी घरेही त्यात आली. संध्याकाळी कोडी घालण्याची एक जुनी रीत या भाषेत आहे. सांगणारा ‘सिरांदान?’ अशी हाक देतो आणि ऐकणारे एका सुरात ‘सांपेक!’ म्हणतात. मग तो विचारतो, ‘दिलो दिबुत?’ म्हणजे उभे पाणी कोणते? उत्तर येते, ‘कान’, अर्थात ऊस. ‘दिलो पांदां?’ लटकते पाणी कोणते? ‘कोको’, अर्थात नारळ. ज्या उसाने यांचे आयुष्य पिळून काढले त्याच उसाकडे गोड पाण्याचा उभा खांब म्हणून पाहणारी ही नजर आहे. अशी कोडी रचणाऱ्या माणसांना केवळ सोसणारे म्हणून ओळखणे त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करणारे ठरेल.

सेगाचेही तसेच आहे. रात्री कामावरून सुटका झाल्यावर शेकोटीभोवती जमून गाण्याची ही परंपरा गुलामांच्या वस्तीत जन्मली. तिचे मुख्य वाद्य रावान. लाकडी कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून ते करतात आणि आपल्या डफाच्या कुळातले, पण त्याहून बरेच मोठे असते. वाजवण्याआधी ते शेकोटीच्या धगीवर धरतात, कातडे तापून ताणले जाते, वाजवणारा बोटांनी टिचकी मारून आवाज पारखतो, पुन्हा धगीवर नेतो, आणि नाद भरला की मगच मांडीवर टेकवून ठेका धरतो. जोडीला माराव्हान असते, म्हणजे उसाच्या तुऱ्याच्या दांड्यांपासून केलेली, आत बिया घातलेली चपटी पेटी, जी दोन्ही हातांत आडवी धरून हलवतात, आणि तिसरा तो लोखंडी त्रिकोण. गाणारा गाणे तिथल्या तिथे रचतो. मालकाची नक्कल, प्रेमातली फसगत, मेलेल्याचा शोक, भुकेची तक्रार असे काहीही त्यात येते. नाचणारे पाय जमिनीवरून फारसे उचलत नाहीत, घसटत पुढे-मागे सरकतात. स्त्री आणि पुरुष समोरासमोर येतात, कंबरेतून मागे झुकतात, गुडघ्यांवर उतरतात, पण एकमेकांना स्पर्श करीत नाहीत. पाय न उचलण्याचे कारण बेड्या होत्या, असे पर्यटकांना हमखास सांगितले जाते. पण पूर्व आफ्रिका आणि मादागास्करच्या नृत्यांतही असे पदन्यास आहेत, तेव्हा तो त्यांनी सोबत आणलेला ठेवाही असू शकतो, आणि मला हा दुसरा विचार अधिक पटतो, कारण त्यात बेडीपेक्षा माणसाला जास्त जागा आहे.

चर्चने आणि प्रतिष्ठितांनी सेगाला दीर्घकाळ अश्लील ठरवले. 1964 मध्ये ल मॉर्नच्या पायथ्याशी सेगाची एक मोठी रात्र भरवण्यात आली, तिथे ति फ्रेर या वयोवृद्ध गायकाला सेगाचा राजा म्हणून गौरवण्यात आले, आणि त्यानंतर सेगाला समाजात उजळ माथ्याने वावरता येऊ लागले. 2014 मध्ये युनेस्कोने पारंपरिक मॉरिशियन सेगाला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. रॉड्रिग्ज बेटावरच्या आणि चागोस द्वीपसमूहातल्या सेगालाही पुढे तशी मान्यता मिळाली. आज तो राष्ट्राचा नाच आहे, लग्नात आणि प्रचारसभेत वाजतो, आणि हॉटेलांत रंगीत घागऱ्यांच्या झगमगाटात रोज सादर होतो. तिथे तक्रार आणि शोक गळून पडलेले असतात, उरतो तो पाहुण्यांना रुचेल एवढा आनंद.

धर्माबाबत थोडक्यात सांगायचे तर, आफ्रिकेतून आणलेल्या उपासना जवळजवळ पुसल्या गेल्या आणि क्रिओल समाज मुख्यतः कॅथलिक झाला. यात 1841 मध्ये आलेल्या फादर लावाल या फ्रेंच धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे. त्यांनी क्रिओल शिकून नुकत्याच मुक्त झालेल्या लोकांमध्ये काम केले. सप्टेंबरमध्ये त्यांच्या पुण्यतिथीला सेंत-क्र्वा येथील समाधीकडे रात्रभर चालत जाणाऱ्यांत हिंदू आणि मुसलमानही असतात.

या समाजाचे सर्वांत मोठे नुकसान झाले ते नावांचे. भारतीय मजूर बंदरावर उतरला की त्याचे नाव, बापाचे नाव, गाव, जात, वय, अंगावरच्या खुणा वहीत नोंदवल्या जात, आणि 1860 च्या दशकापासून छायाचित्रही काढले जाई. या वह्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपलेल्या आहेत. मॉरिशसचा मराठी माणूस तिथे जाऊन आपल्या खापरपणजोबाचे गाव शोधू शकतो आणि शोधून ते पाहायलाही येतो. गुलामांच्या नोंदवह्याही आहेत, पण त्या मालमत्तेच्या वह्या आहेत. मालकाने ठेवलेले नाव, अंदाजे वय, उंची, काम आणि ‘मोझांबिक’, ‘मालागासी’, ‘भारतीय’ किंवा ‘क्रिओल’ (म्हणजे बेटावरच जन्मलेला) एवढाच शेरा त्यात मिळतो. मालक नावे ठेवीत ती वाराची, महिन्याची, ग्रीक-रोमन पुराणातली किंवा सरळ टिंगलीची. मुक्तीनंतर यातली कित्येक नावे आडनावे होऊन बसली. ‘मोझांबिक’ या शेऱ्यातून माणूस कुठल्या किनाऱ्यावर जहाजात चढवला गेला एवढेच कळते. तो मकुआ होता, याओ होता की आणखी कोणी, त्याचे गाव किनाऱ्यापासून किती दिवसांच्या वाटेवर होते, त्याच्या आईने त्याला काय हाक मारली होती, ते वहीत नाही. याला एक विलक्षण अपवाद आहे. 1846 मध्ये यूजीन द फ्रोबेरव्हील याने बेटावर राहणाऱ्या पूर्व आफ्रिकी लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्यातील काहींच्या चेहऱ्यांचे प्लास्टरमध्ये साचे काढले. गालांवर आणि कपाळावर आपल्या जमातीच्या गोंदणखुणा असलेले, डोळे मिटलेले ते चेहरे फ्रान्समधल्या ब्लुआ येथे राहिले आणि अलीकडे पोर्ट लुईच्या गुलामगिरी संग्रहालयात त्यांच्या वंशजांना पाहायला मिळाले. साचे काढण्याच्या मागे त्या काळचे वंशशास्त्र होते, त्या माणसांचा सन्मान नव्हे, तरीही या समाजाला आपल्या पूर्वजांचे म्हणून दाखवता येतील असे चेहरे त्यातूनच मिळाले आहेत.

स्वातंत्र्य 12 मार्च 1968 रोजी आले, पण त्याआधीच्या निवडणुकीत सुमारे 44 टक्के मते स्वातंत्र्याच्या विरोधात पडली होती आणि त्यात क्रिओल मतदार मोठ्या संख्येने होते. इंग्रज गेल्यावर बहुसंख्य हिंदूंचे राज्य येईल आणि आपल्याला कोणी विचारणार नाही, ही भीती त्यांच्या मनात पेरली गेली होती. शिकलेल्या, थोडी ऐपत असलेल्या अनेक क्रिओल कुटुंबांनी ऑस्ट्रेलियाची वाट धरली. मागे राहिले ते कष्टकरी. 1960 च्या भीषण चक्रीवादळानंतर बेघरांसाठी शहरांच्या कडेला ‘सिते’ नावाच्या वसाहती बांधल्या गेल्या, त्यांत बहुसंख्य रहिवासी याच समाजाचे होते. चागोस बेटांवरून 1968 ते 1973 च्या दरम्यान अमेरिकी लष्करी तळासाठी हुसकावलेले लोक, जे स्वतः नारळमळ्यांवरच्या गुलामांचे वंशज होते, तेही पोर्ट लुईच्या अशाच गरीब वस्त्यांत येऊन पडले. 1980 मध्ये बंदरात साखर यंत्राने जहाजात भरण्याची सोय झाली आणि पाठीवर पोती वाहणाऱ्या गोदी कामगारांचे काम गेले. सरकारी नोकऱ्या ओळखीपाळखीने जात आणि तिथे यांची ओळख नव्हती. 1980 नंतर मॉरिशसची भरभराट झाली, तिचे जगभर कौतुक झाले, आणि या वस्त्या मात्र होत्या तिथेच राहिल्या.

या अवस्थेला 1993 मध्ये फादर रोजे सेर्व्हो या क्रिओल धर्मगुरूंनी ‘क्रिओल अस्वस्थता’ असे नाव दिले. फेब्रुवारी 1999 मध्ये ती रस्त्यावर आली. रॉश ब्वा या गरीब वस्तीत वाढलेला काया हा गायक सेगा आणि रेगे यांच्या मिलाफातून ‘सेगे’ नावाचा प्रकार लोकप्रिय करणारा म्हणून तरुणांच्या गळ्यातला ताईत होता. गांजाविषयक कायदा सौम्य करावा या मागणीसाठी भरलेल्या मैफिलीत गांजा ओढल्यावरून त्याला अटक झाली आणि काही दिवसांनी तो पोलीस कोठडीत मृतावस्थेत सापडला. त्यानंतर बेटभर दंगली उसळल्या, काही लोकांचे प्राण गेले, आणि सुखी संमिश्र समाजाचे चित्र जपणारा देश हादरला.

त्यानंतर गोष्टी हलल्या. 1 फेब्रुवारी हा गुलामगिरी निर्मूलनाचा दिवस आणि 2 नोव्हेंबर हा करारबद्ध मजुरांच्या आगमनाचा दिवस, असे दोन्ही सुट्टीचे दिवस झाले. मजूर जिथे उतरले तो आप्रवासी घाट 2006 मध्ये आणि ल मॉर्न त्यानंतर दोन वर्षांनी जागतिक वारशात गेले. या क्रमाची बोच क्रिओल समाजाला आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. 2009 मध्ये सरकारने सत्य आणि न्याय आयोग नेमला. त्याचे अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचे अ‍ॅलेक्स बोरेन होते. 1638 पासूनच्या गुलामगिरीचे आणि करारबद्ध मजुरीचे परिणाम तपासणे असे त्याचे विस्तृत काम होते. 2011 च्या अहवालात आयोगाने जमिनी बळकावल्याच्या तक्रारी, घरांची दुरवस्था, शिक्षणातली गळती आणि वंशद्वेष यांचा ऊहापोह करून अनेक शिफारशी केल्या. त्यांपैकी थोड्याच अमलात आल्या. गुलाममालकांच्या भरपाईसाठी झटलेल्या आद्रियां देपिने यांचा पुतळा पोर्ट लुईच्या जुन्या कंपनी बागेत उभा आहे, आणि तो तिथे असावा की नसावा यावर वाद चालू आहे.

भाषेच्या बाबतीत मिळालेला न्यायही पेच निर्माण करणारा ठरला. मॉरिशसच्या प्राथमिक शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मँडरिन, अरबी या ‘पूर्वजांच्या भाषा’ ऐच्छिक विषय म्हणून शिकवल्या जात होत्या. क्रिओल मुलांकडे अशी भाषा नव्हती, कारण त्यांच्या पूर्वजांच्या भाषा जहाजातून उतरतानाच तुटल्या होत्या. 2012 पासून क्रिओलही ऐच्छिक विषय झाली. तिची लेखनपद्धती त्याआधीच प्रमाणित झालेली होती. शतकानुशतके मोडकी फ्रेंच म्हणून हिणवली गेलेली बोली पाठ्यपुस्तकात आली, ही थोर गोष्ट घडली. पण मराठीऐवजी किंवा तमिळऐवजी क्रिओल निवडायची असा पर्याय ठेवल्यामुळे सगळ्यांच्या घरची भाषा शाळेत एकाच समाजाची भाषा ठरली. मराठी मूल मराठी शिकते हे आपल्याला सुखावते आणि ते योग्यच आहे, पण ते मूल घरी आजीशी ज्या भाषेत भांडते ती त्याची नाही असे वेळापत्रक त्याला सांगते. क्रिओल ही कष्टाने मिळवलेली एका समाजाची ओळख मानायची की सबंध राष्ट्राचे सामाईक धन मानायचे, यावर तिथल्या क्रिओल विचारवंतांतही दोन तट आहेत, आणि दोन्ही बाजूंची तळमळ खरी आहे.

याच प्रश्नाचे कायदेशीर रूप राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात आहे. तिथे लोकसंख्येचे हिंदू, मुस्लिम आणि चिनी-मॉरिशियन असे तीन समाज सांगितले आहेत, आणि जीवनपद्धतीवरून जो या तिन्हींपैकी कशातही बसत नाही त्याला ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या चौथ्या समाजात धरावे असे म्हटले आहे. गुलामांचे वंशज या चौथ्या रकान्यात येतात, आणि त्यांचे मालक असलेल्या फ्रेंच मळेवाल्यांचे वंशजही त्याच रकान्यात येतात. हा रकाना निव्वळ कागदी नाही. निवडणुकीत 62 जागा मतांवर भरल्या गेल्यावर कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांना आणखी आठपर्यंत जागा दिल्या जातात. त्या ठरवण्यासाठी 1972 च्या जनगणनेचे आकडे वापरतात, कारण त्यानंतर समाजवार मोजणीच झालेली नाही. 2012 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने उमेदवाराला आपला समाज घोषित करण्याची सक्ती करणे हे हक्कांचे उल्लंघन असल्याचे मत दिले, आणि 2014 च्या निवडणुकीपुरती ती सक्ती शिथिल करण्यात आली. काही क्रिओल संघटना घटनेत ‘क्रिओल’ हा वेगळा समाज नोंदवावा अशी मागणी करतात, तर दुसरे म्हणतात की समाजांचे रकानेच काढून टाकावेत. पहिली मागणी मान्य केली तर विभागणी आणखी पक्की होते, आणि दुसरी मान्य केली तर ज्यांची कधी स्वतंत्र गणतीच झाली नाही त्यांच्या मागासलेपणाचा हिशोब मांडणे अशक्य होते, म्हणून आजवरच्या सरकारांनी दोन्हींना हात घातलेला नाही आणि परिशिष्टातले चार रकाने 1968 मध्ये होते तसेच आहेत.